काउंटरवरच्या पोराकडे एकदा बघा: सांगली-मिरजेच्या मोबाइल दुकानदारांना खुलं पत्र

प्रति,
सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांतले मोबाइल-रिचार्ज, झेरॉक्स आणि ऑनलाइन कामं करून देणारे सर्व दुकानदार

विषय: शाळकरी मुलांना रोखीने गेमचे टॉप-अप आणि रिडीम कोड विकण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

शाळा सुटायची वेळ. पाठीवर दप्तर, मुठीत चुरगळलेली शंभराची नोट. "काका, ऐंशीचे डायमंड टाका की." पोरगं प्लेअर आयडी तोंडपाठ सांगतं, एक आकडा चुकत नाही. तुम्ही आयडी टाकता, स्क्रीनवर त्याचं गेममधलं नाव येतं, तुमच्या यूपीआयवरून पैसे जातात, वीस रुपये सुट्टे परत. मिनिटभराचं काम. तुम्हाला दोन-चार रुपये सुटतात, काही जण वर पाच-दहा घेतात. पोरगं गेलं की तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढायला वळता.

या मिनिटाबद्दल, म्हणजे रुपये घेऊन पोराच्या खात्यात गेममधलं डायमंडचं चलन भरून देण्याबद्दल, हे पत्र आहे.

गेम बनवणारी कंपनी सिंगापूर किंवा कोरियात आहे. मधे गूगल आहे, बँक आहे, पेमेंट कंपनी आहे. यातल्या एकालाही खरेदी करणारा कोण ते दिसत नाही. त्यांना दिसतो एक आयडी आणि एक यशस्वी व्यवहार, तोही तुमच्या नावाचा, म्हणजे सज्ञान माणसाचा. समोर सातवीतलं पोर उभं आहे हे सगळ्या साखळीत फक्त तुम्हाला दिसतं. म्हणून पत्र कंपनीला नाही, तुम्हाला.

आम्ही गेमच्या विरोधात नाही, हे आधी सांगून टाकतो. आम्हीच खेळतो, आमच्यातले काही जण दुरुस्तीच्या टेबलावर तुमचेच मोबाइल उघडतात. फ्री फायर मॅक्स किंवा बीजीएमआय हे बंदुकीचे गेम फुकट खेळता येतात आणि बनवणाऱ्यांचा पगार स्किन (बंदुकीचं-कपड्यांचं नवं रूप), बंडल (कपड्यांचा संच), पास विकूनच निघतो. कमावत्या माणसाने महिन्याला पाचशेची बंदूक रंगवली तर त्यात गैर काही नाही. जत्रेत पाळण्यात बसायला पैसे देतोच की. घेतलेली वस्तू आपल्या मालकीची नसते, ती वापरायची परवानगी असते, एवढं माहीत असलं म्हणजे झालं. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआय भारतातल्या स्टोअरवरून निघालं आणि परत यायला मे २०२३ उजाडला. तेवढे महिने लोकांनी घेतलेले कपडे-बंदुका कंपनीच्या सर्व्हरवर होत्या आणि इथे कुणाला काही विचारायची सोय नव्हती.

पण गेममध्ये विकल्या जाणाऱ्या सगळ्या वस्तू एका जातीच्या नाहीत, आणि हा फरक काउंटरवर बसणाऱ्याला माहीत असायला हवा. एक जात आहे समोर दिसणाऱ्या, ठरलेल्या भावाच्या वस्तूंची: हा ड्रेस, इतके डायमंड, घ्या किंवा सोडा. दुसरी जात ताकदीची. बीजीएमआयमध्ये बंदुकीचं स्किन नुसता रंग असतो, पण फ्री फायरमधली बरीच गन स्किन नुकसान, रेंज, गोळ्यांचा वेग असले आकडे बदलतात. तिथे पैसे न टाकणाऱ्यावर अन्याय होतो. तुमच्यातले जे मंडळासाठी गणपतीत स्पर्धा भरवतात त्यांनी कस्टम रूम (आपल्यापुरता खासगी सामना) करताना गन अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे स्किनने बदलणारे हे आकडे, बंद ठेवावं, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. (एंट्री फी गोळा करून त्यातूनच बक्षीस वाटत असाल तर ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा एखाद्या वकिलाकडून समजून घ्या. 'आमची तर छोटीच स्पर्धा' हे उत्तर तिथे चालेलच असं नाही.)

तिसरी जात नशिबाची: क्रेट, लकी स्पिन, चाक. तुमच्याकडे येणाऱ्या मुलांचा पैसा बहुतेक इथेच जिरतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं न उघडता कुणी बोली लावत नाही. कांडी मोडून बघतो, रंग बघतो, बोटावर घासतो, मग भाव. क्रेट म्हणजे शिवलेलं पोतं. आत काय आहे ते पैसे दिल्यावर कळतं आणि परत घेण्याची पद्धत नाही. हळदीचा व्यापारी असला सौदा करणार नाही. त्याचा मुलगा शाळेतून येताना करतो.

एक चाक उघडून दाखवतो. आकडे गेमनुसार, सणानुसार बदलतात, पण घडण हीच असते. चाकावर दहा बक्षिसं, त्यातली नको असलेली दोन आपण काढायची, उरली आठ. एक मोठं, म्हणजे बंडल किंवा इमोट (पात्राचा नाच-हावभाव), आणि बाकी सात किरकोळ. एकदा लागलेलं बक्षीस परत लागत नाही, म्हणजे आठ वेळा फिरवलं की मोठं मिळणार हे नक्की. इथवर ऐकायला फार चांगलं वाटतं. आता फिरवण्याचा दर बघा: पहिल्यांदा ९ डायमंड, मग १९, ३९, ६९, ९९, १४९, १९९ आणि आठव्यांदा ४९९. बेरीज १०८२.

१०० डायमंडचा पॅक ८० रुपयांना धरा. पहिली फेरी सात रुपयांची पडते, वडापावपेक्षाही स्वस्त. पोरगं एक पॅक घेतं, त्यात तीन फेऱ्या होतात, ६७ डायमंड जातात, ३३ उरतात. चौथ्या फेरीला ६९ लागतात. म्हणजे पुन्हा तुमच्या दुकानात. असं करत सात फेऱ्या होईपर्यंत ५८३ डायमंड खर्च झालेले असतात, म्हणजे सहा पॅक, ४८० रुपये, आणि हातात सात किरकोळ वस्तू. आता एकच बक्षीस उरलंय आणि तेच हवं होतं. त्याला ४९९ लागतात, शिल्लक १७. आणखी पाच पॅक, ४०० रुपये. थांबलं तर ४८० पाण्यात, पुढे गेलं तर ८८०. चाकाचा दर नेमका याच जागी पोराला आणून उभा करण्यासाठी आखलेला असतो. शेवटची एक फेरी म्हणजे एकूण खर्चाचा जवळपास निम्मा भाग.

आठही बक्षिसांची शक्यता सारखी असती तर मोठं बक्षीस सरासरी ३१५ डायमंडांत लागलं असतं. ती सारखी नसते. मोठ्याची शक्यता अगदी थोडी ठेवलेली असते, म्हणून ते बहुतेकांना सातव्या-आठव्या फेरीलाच लागतं. पहिल्या फेरीत लागलेला एखादा असतोच, आणि त्याचाच व्हिडिओ वर्गातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो.

आणखी एक गंमत. मोठा पॅक १०६० डायमंडचा असतो, ८०० रुपयांना धरा. चाकाला लागतात १०८२. बावीस कमी. त्यासाठी अजून ८० रुपये, आणि शेवटी ७८ डायमंड खात्यावर पडून राहतात, पुढच्या चाकाची पहिली फेरी फुकटात पडल्यासारखी वाटावी म्हणून. पॅकचे आकडे आणि वस्तूंचे भाव एकमेकांत कधी बसत नाहीत, त्याचं कारण हे. रुपयाचे डायमंड करण्याचं कारणही तेच. '४९९ डायमंड' ऐकून पोटात गोळा येत नाही, 'चारशे रुपये' ऐकून येतो.

चाकात निदान शेवट असतो. क्रेटला तोही नसतो. एखाद्या क्रेटमध्ये हवी ती बंदूक निघण्याची शक्यता १ टक्का लिहिली असेल तर मुलं समजतात, शंभर उघडले की मिळणार. नाही. शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर क्रेट उघडले तर त्यातली साधारण ३७ मुलं रिकाम्या हाताने परत येतील. दहातल्या नऊ जणांना मिळावी असं हवं असेल तर प्रत्येकी २३० क्रेट लागतील. आणि पन्नास वेळा नाही निघाली म्हणून एक्कावन्नाव्या वेळी शक्यता वाढत नाही, ती १ टक्काच राहते. काही गेम ठरावीक फेऱ्यांनंतर हमी देतात. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये नव्वदाव्या फेरीपर्यंत पंचतारांकित काहीतरी नक्की मिळतं, पण आपल्याला हवं होतं तेच पात्र, याची पहिल्या खेपेला हमी नसते. शक्यतेचे टक्के गेममध्ये लिहिलेले असतात, कारण अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ पासून आणि गूगलने २०१९ पासून ते सक्तीचं केलं. चाकाच्या कोपऱ्यात छोटं प्रश्नचिन्ह किंवा 'आय' असतो, तो दाबला की यादी उघडते. तो दाबणारं पोर विरळाच.

जगात यावर एकमत नाही, हेही खरं. जपानने २०१२ मध्ये सोडतीतून मिळालेल्या वस्तूंचे संच पुरे करायला लावणारा 'कोम्पू गाचा' प्रकार बंद केला. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये असे पैशांचे बंद खोके जुगारात धरले. नेदरलँड्समध्ये मात्र नियामकाने केलेला दंड तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये रद्द केला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने गेन्शिनच्या कंपनीला दोन कोटी डॉलर भरायला लावले आणि पालकांच्या संमतीशिवाय सोळा वर्षांखालच्यांना असे खोके विकायला मनाई केली. मोठी माणसं काय करतात यावर वाद आहे. लहान मुलांना विकू नये, यावर फारसा वाद राहिलेला नाही.

आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद केले, रमी-फँटसीचे रिचार्ज तुम्हीही थांबवलेत. गेमचं चाक त्यात धरायचं की नाही हे तितकं स्वच्छ नाही, कारण चाकातून निघणारा ड्रेस अधिकृतपणे रुपयात मोडता येत नाही. अनधिकृतपणे मोडतो, टेलिग्रामवर आयडी विकून, आणि त्यात किती मुलं फसतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पण चाकाचं काहीही ठरो, १८७२ चा करार कायदा जुनाच आहे: १८ वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार हा करारच नव्हे. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहरी बीबी खटल्यात ते पक्कं केलं. बिस्किटाच्या पुड्यावरून कुणी भांडायला येत नाही. ८८० रुपयांवरून येतात, आणि ते सिंगापूरला जात नाहीत, तुमच्या काउंटरवर येतात.

तुमचा धोका इथेच संपत नाही.

रिडीम कोड रोख पैशासारखा असतो. एकदा नंबर वाचून दिला, तो कुणाच्या तरी गूगल खात्यात भरला गेला, की तो मागे येत नाही आणि दुसऱ्या खात्यात हलवताही येत नाही. फसवणारे हे ओळखून आहेत. अनोळखी गिऱ्हाईक येतं, दोन हजारांचे कोड मागतं, तुमच्या क्यूआरवर पैसे येतात, पण ते त्याचे नसतात. कुठल्या तरी लुबाडलेल्या माणसाच्या खात्यातून ते थेट तुमच्याकडे वळवलेले असतात. तो माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैशाचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि तुमचं खातं होल्डवर जातं. कोड केव्हाच वापरून झालेला असतो. चार रुपयांच्या कमिशनसाठी मग महिनाभर बँक आणि सायबर पोलीस ठाण्याच्या चकरा. म्हणून कोडचे पैसे रोखीत किंवा ओळखीच्याच माणसाकडून घ्या, समोरच्याचं नाव यूपीआयवरच्या नावाशी जुळतंय का बघा, आणि कोडचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवू नका.

स्वस्त यूसी (बीजीएमआयमधलं चलन) आणि डायमंडचंही तेच. अधिकृत दरापेक्षा वीस-तीस टक्के खाली देणारा माणूस तो माल आणतो कुठून? बऱ्याचदा चोरीच्या कार्डावरून, नाहीतर घेऊन झाल्यावर खोटा रिफंड मागून. कार्डाचा खरा मालक बँकेत तक्रार करतो, बँक कंपनीकडून पैसे परत ओढते, कंपनी खेळाडूच्या खात्यातून यूसी वजा करते. तेवढे शिल्लक नसतील तर आकडा उणे होतो, नाहीतर आयडी बॅन. यात तीन-चार आठवडे जातात, तोवर विकणारा नंबर बदलून मोकळा. पोराच्या लेखी विकणारे तुम्हीच. आणि टॉप-अपसाठी कुणी पासवर्ड किंवा फेसबुक लॉगिन मागत असेल तर काम तिथेच थांबवा. अधिकृत टॉप-अपला प्लेअर आयडी पुरतो.

आता मागणं.

पहिलं म्हणजे उधारी बंद. काही दुकानांत मुलांच्या नावाची वही आहे हे आम्हाला माहीत आहे. तीनशे-चारशे चढले की पोरगं पैसे कुठून आणणार? आईच्या डब्यातून, बाबांच्या खिशातून, नाहीतर धाकट्या बहिणीच्या भाऊबीजेतून. त्या चोरीची सुरुवात वहीतल्या ओळीपासून होते. जे चढलेले असतील ते पालकांना बोलावून मिटवा किंवा सोडून द्या, पण वही ठेवू नका.

दुसरं, १८ वर्षांखालच्या मुलाला पालकाशिवाय टॉप-अप नाही. तंबाखूला १८ ची पाटी लावायची सवय आपल्याला लागलीच ना? 'वडिलांना फोन करून विचारतो' हा उपाय अर्धवट आहे, कारण नंबर पोरगंच देतं आणि पलीकडून दहावीतला मित्र घोगऱ्या आवाजात "हो हो, द्या त्याला" म्हणतो. पालक एकदा स्वतः दुकानात येऊ देत, स्वतःचा नंबर आणि महिन्याची मर्यादा सांगू देत. तुम्ही ते लिहून ठेवा आणि पुढे त्याच नंबरवर विचारा. मर्यादा रुपयांत लिहा, डायमंडांत नाही. कॉलेजची पोरं एकदम मोठा पॅक घेऊन लहान मुलांना दहा-वीस रुपये चढवून वाटतात, तेही तुमच्या नजरेला येतंच. एकाच माणसाने एका दिवसात पाच वेगवेगळे आयडी दिले तर विचारायला हरकत नाही.

तिसरं, पावती. बिलबुक नको, कागदाचा चिठोरा चालेल: तारीख, वेळ, प्लेअर आयडी, पॅक, रुपये, ऑर्डर नंबर. रोखीच्या टॉप-अपचा घरात कुठेच पुरावा नसतो, ना मेल, ना बँकेचा मेसेज. चिठ्ठी दप्तरात सापडली तरी पालकांना निदान कळेल. आणि आकडा मोठ्याने रुपयांत बोला. "हा या आठवड्यातला चौथा, तीनशे वीस झाले." एवढंच. उपदेश नको, पोरं उपदेश ऐकत नाहीत. आकडा ऐकतात.

चौथं, दारावरचे बोर्ड. 'फक्त आज, डबल डायमंड' अशी खोटी घाई स्क्रीनवर करणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमांत फसव्या क्लृप्त्यांच्या तेरा प्रकारांमध्ये मोडतं. कंपनी करते म्हणून आपण शाळेच्या वाटेवर फ्लेक्स लावून करावं असं नाही.

'मी नाही दिलं तर पलीकडचा देईल.' हे उत्तर येणार, आणि ते खोटं नाही. म्हणून हे एकट्याने करण्यात अर्थ नाही. एका शाळेच्या आसपास अशी दुकानं असतात तरी किती, तीन-चार. तेवढ्यांनी एकदा चहावर बसून ठरवलं तर पुष्कळ होतं. पोरगं पलीकडच्या पेठेत सायकल मारत जाईल, सगळे नाही जाणार. चाकाचा सगळा डाव 'आत्ता, या क्षणी' यावर उभा आहे. मधे अर्धा तास गेला तरी बऱ्याच जणांचा जोर ओसरतो.

'पालकांनी मोबाइलला लॉक लावावं, आमचं काय?' हेही ऐकलंय. लॉकची मर्यादा काय ते सांगतो. गूगलच्या फॅमिली लिंकमध्ये पालकांची मंजुरी लागते ती गूगल प्लेच्या बिलिंगमधून होणाऱ्या खरेदीला. तुमच्या काउंटरवरून आयडीवर टाकलेले डायमंड त्या वाटेने जातच नाहीत. प्ले स्टोअरमध्ये बजेट लावता येतं, पण ते नुसतं सांगतं, अडवत नाही. घरचं दार कितीही बंद केलं तरी ही खिडकी उघडी राहते.

तरीही पालक मोबाइल घेऊन तुमच्याकडेच येणार, 'पैसे गेले, बघा जरा' म्हणत. तेव्हा काय करायचं ते लिहून ठेवतो, कारण यात वेळ महत्त्वाची असते. गेम डिलीट करू नका, पोराला काउंटरवर मारू देऊ नका. आधी गेममधला प्लेअर आयडी टिपून घ्या. मग प्ले स्टोअर उघडून वरचा गोल फोटो दाबा, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स', त्यात 'बजेट अँड हिस्टरी'. सगळ्या खरेद्या तारखेने दिसतात. ऑर्डर नंबर 'जीपीए' ने सुरू होतो, तो मेलमध्येही असतो. खरेदी ४८ तासांच्या आतली असेल तर गूगल प्लेच्या वेबसाइटवरून रिफंड मागा आणि कारण खरं द्या: घरातल्या मुलाने न विचारता घेतलं. ४८ तास उलटले असतील तर गेमच्या कंपनीला लिहावं लागतं, तिथे आयडी आणि ऑर्डर नंबर दोन्ही लागतात. रिफंड मिळाला तर वस्तू जाते, कधी आयडीही बंद होतो, हे पोराला आधीच सांगा. नाहीतर तेच पोरगं दुसऱ्या दिवशी नवा आयडी घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.

पोराने घेतलेलं असताना '१९३० ला फ्रॉड म्हणून सांगा' असा सल्ला कुणालाही देऊ नका. खोट्या तक्रारीने भलत्याचंच खातं अडकतं. खरंच अनोळखी व्यवहार असेल किंवा पासवर्ड-ओटीपी कुणाला गेला असेल तर मात्र १९३० आणि बँक, त्याच तासाला. कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मग गळती बंद करायची. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये खरेदीची पडताळणी आहे, ती प्रत्येक खरेदीला लावा. आणि इथे सगळेच चुकतात: पडताळणी बोटाच्या ठशावर असते, आणि आईच्या मोबाइलमध्ये पोराचं बोट आधीच नोंदवलेलं असतं, कारण मोबाइल उघडून देण्याचा कंटाळा. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ठसे तपासा, घरातल्या मोठ्यांशिवायचे काढून टाका. यूपीआयचा पिन बदला, जन्मसाल ठेवू नका. यूपीआय लाइट चालू असेल तर त्यात एका वेळी हजार रुपयांपर्यंत पिन लागतच नाही. ती शिल्लक परत खात्यात घ्या आणि लाइट बंद करा. शेवटी यूपीआय अ‍ॅपमधलं 'ऑटोपे' आणि प्ले स्टोअरमधलं 'सबस्क्रिप्शन्स' दोन्ही बघा. गेम काढून टाकला म्हणून मासिक वर्गणी थांबत नाही, ती वेगळी रद्द करावी लागते. आयफोन असेल तर स्क्रीन टाइममध्ये अ‍ॅपमधल्या खरेदीला थेट मनाईच करता येते.

या कामाचे पन्नास-शंभर रुपये खुशाल घ्या. टॉप-अपच्या दोन-चार रुपयांपेक्षा ते बरे, आणि पालक पुढचा मोबाइलही तुमच्याकडूनच घेतील. दारावर लावायला मजकूर हवा असेल तर हा घ्या, मोठ्या अक्षरात एका पानावर बसतो:

'१८ वर्षांखालील मुलांना गेमचे टॉप-अप व रिडीम कोड पालकांशिवाय मिळणार नाहीत. उधारी नाही. पालकांनी एकदा येऊन नंबर व मर्यादा नोंदवावी. मोबाइलमधील खरेदीचे लॉक येथे लावून मिळेल.'

दिवाळीची सुट्टी आणि भाऊबीज हा या धंद्याचा भर असतो, नवी चाकंही नेमकी तेव्हाच येतात. पाटी त्याआधी लागली तर बरं.

आपले,
सांगली-मिरज भागातले काही गेम खेळणारे आणि मोबाइल दुरुस्त करणारे

ता.क. मोठ्या गिऱ्हाइकांना टॉप-अप करून देताना आयडी टाकल्यावर स्क्रीनवर येणारं नाव त्यांच्याकडून वाचून घ्या आणि मगच पैसे भरा. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर डायमंड भलत्याच्या खात्यात जातात, ते परत आणायची सोय नाही, आणि पैसे तुमच्या खिशातून जातात.